बोलती जागा

दुपारची जेवणं उरकली की गल्लीगल्लीत सुस्ती उतरायची. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, कुत्री भिंतीच्या सावलीला चिकटलेली, शाळेकडचा गलका थांबलेला. सकाळी सोडलेलं पाणी अजून पाइपांत असायचं, पण ते भरायला कुणी उठत नसे. शहर वर झोपलेलं आणि खाली जागं, अशी ती वेळ. नेमकी तीच कानोसाबाईची कामाची वेळ.

ती यायची ती कडेकडेनं, चप्पल न वाजवता. पिशवीत खडू, डोक्यावर सुती रुमाल, हातात कांडी. कांडी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडाची खोलगट वाटी बसवलेली. खालचं टोक रस्त्यावर नाहीतर एखाद्या नळावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. जमिनीखाली पाईप कुठे फुटला असेल तर तिथलं पाणी गप्प बसत नाही. ते सुस्कारे टाकतं, कुजबुजतं, कधी दातओठ खातं. पाणीपुरवठ्यातली माणसं म्हणत, "इथे बोलतंय." ती बोलती जागा सापडली की कानोसाबाई तिच्याभोवती खडूनं गोल काढायची. मग घूस येऊन खणायचा. घूस हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. पण जमीन दिसली की त्याला राहवत नसे आणि खणताना तो सतत काहीतरी पुटपुटत असे, म्हणून खात्यानं त्याचं बारसं नव्यानं केलं होतं. तसंच बाईचंही. हजेरीपटावर तिचं नाव काय होतं ते पगाराच्या दिवशीच आठवायचं.

आधी ती तक्रारीच्या खिडकीवर बसायची. लोक येत, ओरडत, तोंडाला येईल ते बोलत, आणि ती ऐकून घेई. जुना ऐकणारा निवृत्त झाला तेव्हा त्या वेळचे साहेब म्हणाले होते, "इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतलंत, आता पाइपांचं ऐका. पाईप निदान आईबहीण काढत नाहीत."

तेव्हापासून ती डोळे मिटून या शहरात हिंडत होती. वरचं शहर तिला सरावानं माहीत होतं, खालचं मात्र ओळखीचं होतं, जसं आपण एखाद्याचा चेहरा विसरतो आणि त्याचा खोकला विसरत नाही. बाजाराखालचा मोठा पाईप घुमायचा, रिकाम्या खोलीत कुणी मोठ्यानं विचार करावा तसा. तळ्याकडच्या उतारावर पाणी घाईनं निघून जायचं. दवाखान्यामागे एक जागा होती, तिथे पाइपात काहीच ऐकू यायचं नाही. पाणी तिथूनही जात होतं, पण पाय न वाजवता. ती कधी कधी कामाशिवाय तिथे उभी राहायची.

त्या वर्षी मात्र तिच्या कानात काहीतरी शिरलं.

सुरुवातीला वाटलं, डोकं धुताना पाणी गेलं असेल. तिनं एका पायावर उड्या मारून पाहिल्या, डोकं तिरकं करून झोपली. ते निघालं नाही. एक बारीक धार, दूरवर कुठेतरी पडत असल्यासारखी, सकाळ-संध्याकाळ चालू. एका रविवारी ती गावाबाहेरच्या माळावर गेली. तिथे पाईप नव्हता, विहीर नव्हती, गवतसुद्धा सुकलेलं होतं. तिनं कांडी जमिनीत रोवली, वाटी कानाला लावली.

माळ बोलत होता.

ती तशीच उभी राहिली. ऊन पांढरं झालं होतं. दुसऱ्याची घरं कुठे गळतात ते सांगत फिरणाऱ्या बाईच्या स्वतःच्याच डोक्यात गळती निघाली होती, आणि तिच्याभोवती खडूनं गोल काढणार कोण?

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं खडूनं काढलेल्या एका गोलाखाली काहीच निघालं नाही. पाईप धडधाकट, माती कोरडी. खात्यात याला 'कोरडा खड्डा' म्हणत, आणि हे शब्द शिवीसारखे वापरत. साहेब तरुण होते, स्वभावानं बरे होते. ते एवढंच म्हणाले, "होतं असं एखाद्या वेळी." पण ते 'एखाद्या वेळी' त्यांनी जरा सावकाश उच्चारलं.

मग लांबट गल्लीची तक्रार आली. गल्लीच्या टोकाच्या घरांना पाणी करंगळीएवढं येत होतं. एक हंडा भरेपर्यंत भांडण सुरू होऊन मिटायचंसुद्धा, असं तिथल्या बायका सांगत. रस्त्यावर ओल कुठेच नव्हती.

कानोसाबाई दुपारी गेली. अशा वेळी आधी हाळी द्यायची रीत होती, कारण उघडा नळ आणि फुटका पाईप लांबून एकाच आवाजात बोलतात. तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आवाज दिला, "नळ बंद ठेवा होऽ! पाईप ऐकायचाय!"

खिडक्यांतून झोपाळू उत्तरं आली. "बंद आहे." "आमचा तर जन्मापासून बंद आहे." गल्लीच्या मध्यावरच्या निळ्या दाराच्या घरातून एक म्हातारा, बारीक आवाज आला, "थांबा जरा! ताई अंघोळीला गेलीय."

ती थांबली. समोरच्या ओट्यावर बसली, रुमालानं मान पुसली. एका माणसाची अंघोळ होऊन अंग पुसून केससुद्धा वाळतील एवढा वेळ तिनं जाऊ दिला. मग कांडी टेकवली. निळ्या दारासमोर पाईप बोलत होता. बारीक, सलग, न थकता. कानातला आवाज होता की पाइपातला? तिनं वाटी काढली, लावली, पुन्हा काढली. वाटी लावल्यावर आवाज वाढत होता. इतका वेळ कुणी अंघोळ करत नाही, असं मनाशी म्हणून तिनं खडू काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घूस कमरेइतका खाली गेला. पाईप सुकी पाठ दाखवत पडला होता. घुशीनं मूठभर माती हातात घेतली, फुंकली. ती धुरासारखी उडाली.

"बाई, पाणी नाही," तो खड्ड्यातून म्हणाला. "पण खड्डा झकास झालाय. झाड तरी लावू या."

गल्ली हसली. टोकाच्या घरातली एक बाई रिकामी कळशी कमरेवर घेऊनच आली होती. "हलक्या कानाच्या आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "कुणीही काही कुजबुजलं की खरं मानता!"

कानोसाबाईही हसली. हसताना तिला जाणवलं की कानातली धार चालूच आहे.

साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच ती समजली. "तुमच्यावर राग नाही, बाई. पण दोन झाले. लोक विचारतात, रस्ते का उकरताय. तुम्ही आता पुन्हा खिडकीवर बसा. उद्या संध्याकाळी कांडी भांडारात जमा करा."

"कांडी माझ्या हाताची आहे, साहेब."

"कांडी खात्याची आहे," साहेब म्हणाले. मग त्यांना स्वतःचंच बोलणं आवडलं नसावं. त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा गिरणीवरून येऊन पायरीवर केस झटकत बसला होता. पिठाची गिरणी चालवता चालवता त्याचे कान निम्मे गेले होते. जगातलं कुठलंही गुपित तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगे. त्यामुळे ती त्याला गुपितं सांगत नसे. आज मात्र तिनं सांगितलं.

"माझ्या कानात वाजतं."

"कोण वाजवतंय? दार?"

"दार नाही हो! कानात! माझ्या कानात आवाज येतो. सारखा. पाण्याचा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. भुवयांवर पीठ होतं, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा फार म्हातारा दिसत होता, किंवा नुकताच घडवलेला.

"मग?" तो म्हणाला. "माझ्या कानात गिरणी चालते. बंद करून घरी आलो तरी. किती वर्षं झाली."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू एवढ्या शहराचं ऐकतेस. मला वाटलं, तुला ऐकू येत असेल."

पलीकडच्या घरात कुणीतरी खळखळून हसलं. आळीपर्यंत सगळं पोचलंच होतं.

"त्रास होत नाही?" तिनं विचारलं.

"सुरुवातीला तिला हाकलत होतो. जात नाही. मग तिला म्हटलं, तू चाल, बाई. मी माझं करतो." त्यानं हात पिठात घातल्यासारखे हवेत चोळले. "तिचा आवाज मला पाठ झालाय आता. तिच्याहून वेगळं काही वाजलं, पट्टा सरकला, खडा आला, की लगेच समजतं. पाठ झालेलं ऐकू येत नाही गं. नवीन तेवढं ऐकू येतं."

हे तो अर्थात ओरडूनच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी लांबट गल्लीत गेली. कांडी जमा करायला संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि हातात आहे तोवर हात तिला सोडायला तयार नव्हता. खड्डा अजून बुजवला नव्हता. भोवती दोरी आणि एक लाल फडकं. गल्ली झोपली होती. खड्ड्याच्या तळाशी पाईप उघडा पडला होता, झोपेत पांघरूण सरकलेल्या माणसाच्या पायासारखा.

ती खाली उतरली. मातीचा गारवा पोटऱ्यांना लागला. तिथे बसून तिनं आधी कांडी न लावता कानातला आवाज ऐकला. आजवर ती त्याच्यापासून पळत होती. तो नीट कधी ऐकलाच नव्हता. धार बारीक, जराशी शिट्टीसारखी, डाव्या बाजूला जास्त. ती तो पाठ करत राहिली, लहानपणी पाढे करायची तसा. मग कांडी पाइपावर ठेवली.

पाइपात दुसरंच काहीतरी होतं. तेही बारीक, पण त्याला तळ होता. पाणी कशावर तरी पडत होतं. भांड्यावर. प्लास्टिकच्या बादलीत अर्ध्यावर साठलेल्या पाण्यावर. आणि तो आवाज मुख्य पाइपातून नव्हे, तिथून घराकडे जाणाऱ्या बोटभर जाडीच्या नळीतून येत होता. नळी निळ्या दाराखालून आत गेली होती.

तिनं कडी वाजवली.

दार उघडलं ती बाई सत्तरीची असावी. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात विणकामाची सुई. कानोसाबाईनं कांडी मागे घेतली.

"मावशी, परवा तुम्ही म्हणालात, ताई अंघोळीला गेल्यात. झाली का त्यांची अंघोळ?"

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बाजूला सरकली. "या आत. चपला असू द्यात."

घर दोन खोल्यांचं होतं. दोन खाटा, दोन खुर्च्या, खुंटीवर दोन छत्र्या. स्वयंपाकघराच्या कडेला न्हाणीघर, त्याचं दार लोटलेलं. आतून धार पडत होती. दाराबाहेर धुवट टॉवेल घडी घालून ठेवला होता.

"थोरली बहीण माझी," म्हातारी म्हणाली. "आम्ही दोघीच. जन्मभर दोघीच. तिला अंघोळीला फार वेळ लागायचा. मी बाहेरून ओरडायची, 'ताई, पाणी काय तुझ्या बापाचं आहे?' आणि ती आतून, 'हो! आणि तुझ्याही बापाचं!'" ती हसली, मग सुईकडे बघत राहिली. "थंडीत गेली ती."

कानोसाबाई खुर्चीच्या कडेला टेकली. ऐकून घेणं तिला येत होतं.

"मी वेडी नाही हं. मला माहीत आहे ती गेली. पण दुपारी घर असं बसतं ना अंगावर. तेव्हा दार लोटून जरासा नळ सोडते. आत पाणी पडत असलं ना, की माणूस मेलेलं नसतं. अंघोळीला गेलेलं असतं. मी आपली इथे बसून विणते. परवा तुम्ही हाळी दिलीत, तर तोंडातून तेच निघालं. खोटं बोलले असं वाटलंच नाही." तिनं चष्मा सारखा केला. "तुमचा खड्डा वाया गेला. जाऊन सांगा कचेरीत. नळ तोडतील तर तोडू देत."

कानोसाबाईला एकदम फार हलकं वाटलं. कान ठीक होता. तो बोलला ते खरं होतं. फक्त काय बोलला ते तिला कळलं नव्हतं. आता साहेबांपुढे जाऊन एवढंच सांगायचं होतं, निळं दार, उघडा नळ, म्हणून कोरडा खड्डा. कांडी हातात राहिली असती. तिनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं, टॉवेलाकडे पाहिलं. आणि मग तिला कालची कळशीवाली बाई आठवली. या एवढ्याशा धारेनं गल्लीचं टोक कोरडं पडत नाही. पाणी दुसरीकडे कुठेतरी जात होतं, आणि ही धार इतकी जवळ, इतकी स्पष्ट बोलत होती की तिच्यामागचं काहीच ऐकू येत नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "नळ थोडा वेळ बंद करावा लागेल. मला ऐकायचंय."

म्हातारी हलली नाही. "आत्ता?"

"आत्ताच. संध्याकाळी कांडी माझ्याकडून जाईल."

"दुसऱ्या कुणी येऊन ऐकलं तर नाही चालणार?"

"दुसरं कुणी नाही. मीच आहे. आणि आज ऐकू आलं नाही तर मीही नाही."

धार पडत होती. न्हाणीघराच्या दाराखालून थोडा ओला उजेड बाहेर आला होता. म्हातारी दाराजवळ गेली, पण दार ढकलेना. कानोसाबाईनं मान वळवली. दुसऱ्याच्या घरात कुणी कपडे बदलत असल्यावर वळवतात तशी.

"ताई," म्हातारी दाराला म्हणाली, "आटप आता. बाहेर बाई खोळंबल्यात."

मग ती आत गेली. नळाची चावी करकरली. धार तुटली, तिचे दोनचार थेंब झाले, मग तेही थांबले.

कानोसाबाई बाहेर पळाली ती थेट खड्ड्यात उतरली. वाटी कानाला लावली. आधी तिचा स्वतःचा आवाज आला, पाठ झालेला. 'तू चाल, बाई,' ती त्याला म्हणाली. तो चालत राहिला. हळूहळू तो दुपारच्या उन्हासारखा झाला, सगळीकडे असलेला आणि कुठेच नसलेला. त्याच्या खाली काहीच नव्हतं. ती थांबली. पाइपाच्या गारव्यानं बोटं बधिरली. काहीच नव्हतं, आणि काहीच नव्हतं, आणि मग फार खालून, फार लांबून, कुणीतरी जड श्वास घेत होतं. जेवून झोपलेल्या मोठ्या जनावरासारखं.

ती कांडी टेकवत टेकवत त्या श्वासामागे गेली. निळं दार मागे पडलं, शिंप्याचं बंद दुकान मागे पडलं. गल्ली जिथे वळते तिथे गटारावर एक रुंद फरशी होती. तिथे श्वास पायाखाली आला. पाणी रस्त्यावर कसं येणार? ते फरशीखालून थेट गटारात उतरत होतं, कुणाला ओल न दाखवता. तिनं खडू काढला. घाईघाईत गोल जरा अंड्यासारखा झाला.

"हे अंडं कुणी घातलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी घूस म्हणाला. ती कांडी जमा न करताच आली होती. साहेब स्वतः आले होते, हात मागे बांधून. टोकाच्या घरातली बाई कळशी घेऊन हजर होती. घुशीनं फरशी पहारीनं उचकटली, दोन घाव घातले, आणि तिसऱ्याला त्याच्या तोंडावर असा फवारा आला की त्याचं पुटपुटणं घशातच राहिलं.

"बोलतंय!" तो ओरडला. "बाई, हे तर भाषण देतंय!"

दुपारपर्यंत जोड बदलला. टोकाच्या घरात हंडा वाजायला लागला, मग दुसऱ्या घरातला. साहेबांनी कानोसाबाईला बाजूला घेतलं.

"इथली गळती होती, तर मग तिथे काय ऐकलंत तुम्ही?"

"कुणाचा तरी नळ उघडा राहिला होता."

"कुणाचा?"

"बंद केलाय, साहेब."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग निळ्या दारासमोरच्या खड्ड्याकडे. "बरं," ते म्हणाले. "दोनातला एक वजा करतो. पहिल्याचं काय?"

"त्याचं मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. साहेबांनी मान हलवली आणि कांडीकडे न बघता निघून गेले. भांडाराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पुढे तिच्या फेरीत लांबट गल्ली आली की ती हाळी देते. "नळ बंद ठेवा होऽ!" खिडक्यांतून उत्तरं येतात. निळ्या दारातून कधी येतं, "बंद आहे!" कधी येतं, "थांबा, ताई अंघोळीला गेलीय. आलीच."

कानोसाबाई ओट्यावर बसते. कानातली धार आपली चालू असते. थोड्या वेळानं आतून बारीक आवाज येतो, "ताई, आटप गं," नळ करकरतो, आणि गल्ली शांत होते. मग ती उठते आणि कांडी टेकवते.